तात्यांचा फोन काढून घेऊ नका

पत्र: आमचे वडील, आम्ही त्यांना तात्या म्हणतो, ७२ वर्षांचे आहेत. मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. आई गेल्यापासून सातारा जिल्ह्यातल्या गावी एकटेच राहतात. मी पुण्यात, भाऊ सुरतेला. गेल्या वर्षी त्यांच्या एका एफडीची मुदत संपली. पेन्शन जमा होते त्याच बँकेतल्या एका मुलानं ‘पाच वर्षांची जास्त व्याजाची एफडी’ म्हणून एक लाख घेतले. आता दुसरा हप्ता भरा असा मेसेज आला, तेव्हा कळलं की ती भावाच्या नावाची विमा पॉलिसी आहे, हप्ते दहा वर्षं भरायचे आहेत. तिचा बाँड घरी कधी आलाच नाही. तात्यांनी कुणालाच काही सांगितलं नाही. मग दिल्लीहून ‘बीमा लोकपाल कार्यालयातून’ फोन आला, की जुनी पॉलिसी रद्द करून बोनससकट पैसे देतो, त्यासाठी एक नवी पॉलिसी घ्यावी लागेल. तात्यांनी १८,५०० रुपये ‘फाइल चार्ज’ म्हणून पाठवले आणि ६० हजारांची नवी पॉलिसीही घेतली. तिचा बाँड दहा दिवसांपूर्वी आला. फौजी पेन्शन ‘स्पर्श’ या सरकारी पोर्टलवरून होते; परवा ‘स्पर्शचा हयातीचा दाखला’ म्हणून व्हॉट्सॲपवर एक फाइल आली आहे. तात्या म्हणतात, ‘मी फौजेत २८ वर्षं काढली, मला अक्कल शिकवू नका.’ भाऊ म्हणतो, त्यांचा स्मार्टफोन आणि एटीएम कार्ड आपण काढून घेऊ. काय करावं? — एक लेक, पुणे

उत्तर:

ताई, आधी ती नवी, ६० हजारांची पॉलिसी हातात घ्या. पत्रात तुम्ही तिचा उल्लेख जाता जाता केलाय, पण मुदत तिचीच चालू आहे. आयुर्विमा असो की आरोग्य विमा, पॉलिसीचे कागद मिळाल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. विम्याच्या भाषेत याला ‘फ्री लूक’ म्हणतात. पूर्वी बहुतेक पॉलिसींना १५ दिवसच असायचे, २०२४ पासून सरसकट ३० झाले. अर्जात कारण एका ओळीत लिहायचं असतं, पण ते कारण पटलं नाही म्हणून कंपनीला नकार देता येत नाही. मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचा खर्च आणि जेवढे दिवस विमा चालू होता तेवढ्या दिवसांच्या जोखमीपोटीचा हप्ता वजा होतो. बाकी पैसे परत.

तुमचे दहा दिवस गेलेत, वीस उरलेत. तात्यांच्या सहीचा साधा अर्ज, मूळ बाँड, रद्द केलेला चेक आणि आधार-पॅनची प्रत घेऊन त्या कंपनीच्या साताऱ्यातल्या किंवा पुण्यातल्या शाखेत जा आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख घ्या. त्याच दिवशी तोच अर्ज कंपनीला ईमेलनेही पाठवा. बाँड ज्या पाकिटातून आला ते फेकू नका. ते गेलं असेल तर कुरिअरचा मेसेज जपून ठेवा, कारण ३० दिवस मोजायचे ते त्या तारखेपासून. आणि एक पथ्य कडक पाळा: ज्यानं पॉलिसी विकली त्याला फोन करू नका. ‘फाइल वर पाठवलीय, सोमवारी होऊन जाईल’ असं तो चार सोमवार सांगेल आणि पाचव्या सोमवारी तुमची मुदत संपलेली असेल.

आता ‘लोकपालांचा फोन’. या धंद्यात फोन खोटा असतो आणि पॉलिसी खरी असते. बोलणारा कुठल्या तरी कॉल सेंटरमध्ये बसलेला असतो. कुणाची पॉलिसी बंद पडलीय, कुणाचा हप्ता थकलाय याची यादी त्याच्या टेबलावर असते आणि तुम्ही घेतलेल्या नव्या पॉलिसीचं कमिशन कुठल्या तरी एजन्सीमार्फत त्याच्यापर्यंत पोचतं. म्हणून ६० हजार खऱ्या कंपनीकडे आहेत आणि परत मिळतील. १८,५०० चं तसं नाही. ते कुणाच्या तरी वैयक्तिक यूपीआयवर गेले. तरीही १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि पोच क्रमांक लिहून घ्या. हा नंबर खरा कामाला येतो तो पैसे गेल्या गेल्या, त्याच तासात, रक्कम पुढे सरकायच्या आत. दिवस उलटल्यावर फार आशा धरू नका, एवढंच प्रामाणिकपणे सांगते. पण त्याच खात्याविरुद्ध आणखी दहा तक्रारी असतील तर तुमची अकरावी उपयोगी पडते.

विमा नियामक, म्हणजे आयआरडीएआय, कुणाला फोन करून पॉलिसी विकत नाही, बोनस वाटत नाही आणि अडकलेले पैसे सोडवूनही देत नाही. विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी निकाली काढणारे विमा लोकपालही फोन करत नाहीत. त्यांच्याकडे आपण जायचं असतं आणि फी शून्य असते. पुन्हा फोन आला की हमखास ‘जीएसटी भरला की रक्कम रिलीज होईल’ असं ऐकवतील. वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्याच्या हप्त्यांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून काढूनच टाकलाय. हे तात्यांना सांगा. त्यांना असल्या नेमक्या तारखेनं त्या माणसाला गप्प करायला आवडेल.

बँकेतली पॉलिसी हे मात्र चिकट प्रकरण आहे, कारण तिथे गुन्हेगार असा कुणी नाही. आहे तो टार्गेट असलेला, टाय लावलेला, तात्यांना ‘काका’ म्हणणारा मुलगा. पहिल्या वर्षाच्या हप्त्यावरचं कमिशन सगळ्यांत जाड असतं, म्हणून मुदत संपलेल्या एफडीवर आणि म्हाताऱ्या खातेदारावर शाखेचा डोळा असतो. ७२ व्या वर्षी तात्यांच्या स्वतःच्या नावावर अशी पॉलिसी निघणं अवघड, म्हणून विमा भावाचा काढला आणि हप्ता भरणारे तात्या. ही पद्धत इतकी नेहमीची आहे की ‘विमा मुलाचा, पैसे बापाचे’ असं दिसलं की मी पुढचं न वाचता ओळखते.

पण तुम्ही वाचा. कंपनीकडून बाँडची आणि प्रस्ताव अर्जाची प्रत लेखी मागा आणि अर्जातले पाच-सहा रकाने तात्यांना शेजारी बसवून बघा. व्यवसाय काय लिहिलाय? सुभेदाराच्या पेन्शनवर जगणाऱ्या माणसापुढे ‘बिझनेस’ असं मी अनेकदा पाहिलंय. वार्षिक उत्पन्न किती दाखवलंय? मोबाइल नंबर तात्यांचाच आहे की शेवटचे चार आकडे भलतेच आहेत? ईमेल कुणाचा? तात्या आयुष्यभर मराठीत सही करत असतील आणि अर्जावर इंग्रजी सही असेल तर तुमचं निम्मं काम तिथेच झालं. लाभाच्या तक्त्यावर ४ टक्के आणि ८ टक्के असे दोन रकाने असतात. ते फक्त गृहीत धरलेले दर आहेत, हमी नाही. विकताना मात्र बोट ८ च्या रकान्यावरच ठेवलेलं असतं. शिवाय पॉलिसी निघण्याआधी कंपनी बहुधा पडताळणीचा फोन करते. विकणारा शेजारी उभा राहून सांगतो, ‘काका, सगळ्याला हो म्हणा, नाहीतर व्याज कमी होईल.’ त्या फोनचं रेकॉर्डिंगही मागा.

बाँड भलत्याच ईमेलवर गेला असेल आणि तात्यांना मिळालाच नसेल, तर फ्री लूकचे ३० दिवस सुरूच झाले नाहीत, हा तुमचा पहिला मुद्दा. दुसरा, एफडी सांगून विमा विकला. दोन्ही मुद्दे घालून तक्रार विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे द्या आणि प्रत बँकेच्या शाखाधिकाऱ्याला. हीच तक्रार आयआरडीएआयच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर टाकता येते, किंवा १५५२५५ वर नोंदवता येते. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा आलं ते पटलं नाही तर विमा लोकपाल. साताऱ्यासाठी पुण्याचं कार्यालय आहे, नारायण पेठेत, न. चिं. केळकर रस्त्यावर, म्हणजे तुम्हालाही सोयीचं. ५० लाखांपर्यंतचे वाद तिथे चालतात, वकील लागत नाही आणि निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एका वर्षाच्या आत जायचं. त्याच वादाची ग्राहक आयोगात केस चालू असेल तर लोकपाल हात लावत नाहीत, तेव्हा दोन्हीकडे एकदम धावू नका.

दुसरा हप्ता? तक्रार जायच्या आधी भरू नका. वार्षिक हप्त्याला साधारण ३० दिवसांची सवलत मुदत असते, तेवढ्यात तक्रार करून होते. तक्रार फसलीच तर पुढचा हिशेब पॉलिसीच्या जातीवर आहे. युलिप, म्हणजे बाजाराशी जोडलेली पॉलिसी, असेल तर पैसे बुडत नाहीत, थोडी कपात होऊन पाच वर्षं पूर्ण होईपर्यंत वेगळ्या निधीत अडकून पडतात. पारंपरिक पॉलिसीत पूर्वी एकच हप्ता भरून सोडली तर हातात काही येत नसे. १ ऑक्टोबर २०२४ नंतर विकलेल्या पॉलिसींना वर्ष पूर्ण झालं असेल तर थोडंफार समर्पण मूल्य, म्हणजे पॉलिसी सोडताना परत येणारे पैसे, मिळतं. किती, ते कंपनीकडून लेखी घ्या. आणखी नऊ लाख घालून एक लाख वाचवायला जाऊ नका. ‘आता सोडलं तर नुकसान आहे, अजून दोन हप्ते भरा’ हा सल्ला पुन्हा तोच बँकेतला मुलगा देणार आहे.

हे सगळे अर्ज तात्यांच्या सहीनं जायला हवेत, कारण पॉलिसी त्यांनी घेतलीय. म्हणजे तात्या सोबत नसतील तर तुमचं एक पाऊलही पुढे पडत नाही. आणि भावाची फोन काढून घेण्याची कल्पना तिथेच बाद होते.

तात्या भोळे म्हणून फसलेले नाहीत. जे फौजेनं शिकवलं तेच या लोकांनी वापरलं. वरच्या कार्यालयातून आदेश आला की पाळायचा. कागद वेळेत भरायचा. साथीदाराच्या शब्दावर विश्वास ठेवायचा. हे लोक फोन उचलल्या उचलल्या ‘जय हिंद साहब’ म्हणतात, रेजिमेंटचं नाव घेतात, ‘ओआरओपी का एरियर’ म्हणतात. ओआरओपीची, म्हणजे ‘समान हुद्दा, समान पेन्शन’ योजनेची पेन्शन १ जुलै २०१९ पासून आणि पुन्हा १ जुलै २०२४ पासून सुधारली, थकबाकी खरोखरच खात्यात आली, त्यामुळे आणखी काही यायचं राहिलंय हे कुणालाही खरं वाटतं. कधी कधी दारात येणारा एजंट स्वतःच माजी सैनिक असतो, आणि त्याला चहा पाजल्याशिवाय कोण परत पाठवेल? अशा माणसाला घरच्यांनी ‘तुम्हाला कळत नाही’ म्हटलं की तो पुढचा फोन चोरून घेतो. पहिली फसवणूक झाकायला गेले म्हणूनच दुसरी झाली, हे तुमच्याच पत्रात आहे. एकटं राहणाऱ्या माणसाशी रोज अदबीनं बोलणारा दिल्लीचा तो एकच आवाज होता, हेही जमलं तर भावाला सांगा.

म्हणून तात्यांना हिशेब मागू नका, काम द्या. एक जाड फाइल आणि एक वही आणा. कुठला फोन कधी आला, कुठल्या नंबरवरून, काय म्हणाला, कुठला अर्ज कधी दिला, पोच कुठे, हे त्यांनी त्यांच्या अक्षरात लिहायचं. सुभेदार साहेबांनी आयुष्यभर रजिस्टरं ठेवली असतील. तुमच्यापेक्षा ती वही नीट राहील. लोकपालांसमोर अशी वही सगळ्यांत जड पडते.

ती व्हॉट्सॲपची फाइल उघडू नका. नावाच्या शेवटी ‘एपीके’ असेल तर ते ॲप आहे, दाखला नव्हे; ते बसलं की फोनवरचे ओटीपी दुसरीकडे वाचले जातात. फाइल आणि तो चॅट, नंबर वहीत उतरवून, काढून टाका. चुकून उघडली गेली असेल तर फोनचं नेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला खातं थांबवायला सांगा आणि मग १९३०.

हयातीच्या दाखल्याची भीती कशी जाते ते सांगते. दाखला राहिला तर पेन्शन थांबते, बुडत नाही. दाखला दिला की थकलेल्या रकमेसकट सुरू होते. म्हणजे ‘आज रात्री बारापर्यंत केलं नाही तर पेन्शन कायमची बंद’ ही थाप आहे. दाखला ‘जीवन प्रमाण’ या सरकारी ॲपवर चेहरा दाखवून घरच्या घरी होतो, आपले सरकार किंवा सीएससी केंद्रात होतो, बँकेत होतो. पोस्टमन घरी येऊनही करतो, ७० रुपये घेतो, आणि गावात ही सोय मला सगळ्यांत आवडते, कारण पोस्टमन ओळखीचा असतो. स्पर्शबद्दल शंका असेल तर साताऱ्याचं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे, मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावचं रेकॉर्ड ऑफिस आहे. फोनवर आलेला माणूस कितीही कर्नल असो, पीपीओ (पेन्शन आदेशाचा) नंबर, आधार आणि ओटीपी त्याला द्यायचा नाही. ‘मी ऑफिसात येऊन देतो’ म्हणायचं आणि ठेवायचा. उलट बोलायला लागत नाही.

जाता जाता आरोग्य विम्याचं. ‘ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांची आरोग्य योजना, आता बंद होणार’ सांगून पॉलिसी गळ्यात मारणारे तुमच्या गावातही फिरत असतील. ईसीएचएस १ एप्रिल २००३ ला सुरू झाली, वर्गणी एकदाच भरायची आणि आयुष्यभर उपचार. तिथे दरवर्षीचं ‘रिन्युअल’ नसतं. तात्यांचं कार्ड चालू आहे ना आणि जवळचं पॅनेलवरचं रुग्णालय कुठलं, एवढं सातारच्या पॉलिक्लिनिकमधून बघून घ्या. त्याआधी वेगळी आरोग्य विम्याची पॉलिसी घेण्यात मला अर्थ दिसत नाही. सत्तरीपुढच्यांसाठी आयुष्मानचं पाच लाखांचं कार्डही निघालंय, त्याला पैसे लागत नाहीत. पण ईसीएचएसवाल्यांना दोन्हींपैकी एकच निवडावं लागतं, तेव्हा ‘दोन हजारांत काढून देतो’ म्हणणाऱ्याकडे आधार कार्ड देऊन बसू नका.

पैशांची मांडणी थोडी बदला, पण तात्यांच्या संमतीनं. पेन्शनच्या खात्याला यूपीआय नको. दुसरं एक छोटं खातं काढा, महिन्याच्या खर्चापुरते पैसे त्यात, आणि फोनवरचं यूपीआय फक्त त्याला जोडलेलं. एटीएम कार्ड तात्यांकडेच राहू दे, मर्यादा कमी करून घ्या. बाकीची रक्कम पोस्टात, ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाकता येईल. तिथे ३० लाखांपर्यंत ठेवता येतात आणि व्याज दर तीन महिन्यांनी खात्यात येतं. बँकेतून कुठलाही कागद सहीसाठी पुढे आला तर ‘घरी नेतो, उद्या आणतो’ म्हणायचं. खऱ्या एफडीचं उद्यापर्यंत काही बिघडत नाही.

भावालाही कामाला लावा. विमा त्याच्या नावावर काढलाय, म्हणजे प्रस्तावावर त्याचीही सही कुठेतरी असणार. ती त्यानं केली होती का, हे त्यानं सुरतेहून लेखी कळवावं. नसेल केली तर तक्रारीचं पहिलं पान तेच करा.

येत्या शनिवारी गावी जा आणि आधी ६० हजारांचा अर्ज लिहून काढा, बँकेचा नंतर. सोमवारी शाखेत तात्यांनाच पुढे बोलू द्या, तुम्ही मागे थांबा. पोच घेताना शिक्क्यावरची तारीख स्पष्ट उमटलीय ना, ते काउंटर सोडायच्या आत बघा.